मिशांवरून शिंगी ओळखता येत नाही

शिंगी या गोड्या पाण्यातल्या मिशाळ माशावरच्या लेखात त्याची ओळख म्हणून मिशांच्या 4 जोड्या आणि काळसर रंग सांगितला आहे. पण मागूर या तशाच दिसणाऱ्या माशालाही मिशांच्या 4 च जोड्या असतात, आणि रंगाचं म्हणाल तर तो वयाप्रमाणे, पाण्याप्रमाणे बदलतो. आधी पाठीवरचा पर बघा. शिंगीचा पर अगदी छोटा, 6-8 किरणांचा (म्हणजे पराला आधार देणाऱ्या काड्यांचा) आणि डोक्याकडे सरकलेला. मागूरचा मात्र डोक्यामागून निघून थेट शेपटीच्या बुडापर्यंत जातो. पोटाखालचा पर दोघांचाही लांब, त्यामुळे त्यावरून निवाडा करू नका.

आणखी एक, कृपया लेखात घाला: शिंगीच्या छातीच्या परांतले काटे विषारी असतात. टोचले तर भयंकर ठणकतं. ओळख पटवायला मासा उघड्या हाताने धरू नका.