वाटणी मागणारा माणूस

बायबलमधला मूर्ख श्रीमंताचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण येशूने तो कशावरून सांगितला, याकडे लक्ष गेलं ते वडील वारल्यावर, आम्हा भावंडांचं वाटणीवरून बोलणं बंद झालं तेव्हा.

लूकच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) १२वा अध्याय. हजारोंची गर्दी, आणि त्यातून एकजण म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वडिलोपार्जित वतनातला माझा वाटा मला दे. कदाचित त्याची बाजू खरीही असेल. माझी खरी आहे अशी माझीही खात्री होती. येशू त्याला खोटं ठरवत नाही. मला तुमच्यावर न्यायाधीश कोणी नेमलं, असं विचारतो आणि सगळ्यांनाच लोभापासून जपायला सांगतो. हक्क आणि लोभ एकाच मागणीत असू शकतात, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. त्या रात्री झोप लागली नाही.

मग दाखला येतो. त्या श्रीमंताने कोणाला लुबाडलेलं नाही, शेत चांगलं पिकलं इतकंच. पण तो बोलतो फक्त स्वतःशी. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, आणि शेवटी माझा जीव. नेमका तो जीवच त्या रात्री परत मागितला जातो. देव विचारतो, तू साठवलंस ते आता कोणाचं होणार? वाटा मागणारा समोरच उभा होता. त्याच्या घरात याच प्रश्नाचं भांडण चालू होतं.

आपल्यातल्या अनेकांना 'स्वर्गातलं प्रतिफळ', म्हणजे देवाकडून मिळणारं बक्षीस, हा शब्द खटकतो, देवाशी सौदा केल्यासारखा वाटतो. मलाही वाटायचा. येशू मात्र तो मोकळेपणाने वापरतो. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात लोकांना दाखवून दान करणाऱ्यांबद्दल तो म्हणतो, ते आपलं प्रतिफळ भरून पावले आहेत. तिथलं ग्रीक क्रियापद त्या काळी पावत्यांवर लिहीत, रक्कम पूर्ण मिळाली या अर्थाने. म्हणजे हिशेब मिटला, पुढे काही येणं नाही. आणि लूक १४ मध्ये तो सांगतो, जेवायला अशांना बोलवा ज्यांना परतफेड करता येणार नाही; तुमची फेड पुनरुत्थानाच्या वेळी, म्हणजे मेलेले पुन्हा उठतील तेव्हा, होईल. सौदा करणारा असा देत नाही. म्हणूनच 'देवाला द्या, तो दुप्पट पैसा देईल' असा उपदेश ऐकला की मला फार वाईट वाटतं. येशूने जिथून आपल्याला बाहेर काढलं, तिथेच तो उपदेश परत नेतो.

पैसा वाईट, असं मी म्हणत नाही. प्रेषित पौल आपल्या पत्रात धनवानांना उदार व्हायला सांगतो, श्रीमंतीबद्दल शरम बाळगायला नाही.

सध्या मी बायबलमधल्या इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रातलं १०:३४ हे वचन पुन्हा पुन्हा वाचतो. ते पत्र ज्यांना लिहिलं त्या विश्वासणाऱ्यांची मालमत्ता लुटली गेली आणि त्यांनी ते आनंदाने सोसलं, कारण आपल्याजवळ अधिक चांगलं, टिकणारं धन आहे हे त्यांना ठाऊक होतं. सोसलं एवढंच असतं तर मी समजू शकलो असतो. आनंदाने, या शब्दापाशी मी थांबतो. माझ्याकडून तर कोणी काही लुटलेलंही नाही. मागतोय तो सख्खा भाऊ.

परवा दादाला फोन केला. वाटणीचा विषय काढला नाही, वहिनींची तब्येत विचारली. दोघेही बराच वेळ गप्प होतो, पण फोन कोणीच ठेवला नाही. येत्या रविवारी उपासनेनंतर त्याच्याकडे जाणार आहे. त्याला हवं ते त्याने घ्यावं, असं सांगायचं ठरवलंय. सांगताना माझ्या आवाजात कडवटपणा येऊ नये, यासाठी कृपया प्रार्थना करा.