चार्ल्स राजाचे निशाण: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाने २२ ऑगस्ट १६४२ रोजी नॉटिंगहॅमला पार्लमेंटविरुद्धच्या यादवी युद्धाचे निशाण उभारले, त्या प्रसंगावरील माझ्या लेखाविषयी आपण लिहिले आहे, "युद्ध एप्रिलमध्ये हल येथेच सुरू झाले होते, हे निशाण म्हणजे निव्वळ देखावा, आणि लेखकाला राजेरजवाड्यांचे भारीच कौतुक दिसते." मतभेदाला माझी हरकत नाही; परंतु ज्याला आपण ओळखतही नाही त्याची भक्ती कोठे जडली आहे, हे एका वाक्यात ठरवून मोकळे होण्याची ही कोणती रीत? उभी हयात मी महाविद्यालयात इंग्लंडचा इतिहास शिकवला आणि याच राजाने पार्लमेंटच्या संमतीविना बसवलेल्या जहाजकराची वर्गात इतकी चिरफाड केली की विद्यार्थी मला पार्लमेंटचा वकील म्हणत.

आता 'देखावा'. २३ एप्रिलला हल शहराचा पार्लमेंटने नेमलेला गव्हर्नर सर जॉन हॉथम याने शहराचे दरवाजे राजाला उघडले नाहीत हे खरेच. पण तेथे शस्त्रसाठा होता म्हणून आलेला राजा न लढता परत फिरला. जुलैत अर्ल ऑफ एसेक्सच्या हाताखाली सैन्य उभारतानाही पार्लमेंट 'राजा आणि पार्लमेंट' या दोघांसाठीच लढत असल्याचे सांगत होते. निशाण चढले आणि हा आडपडदा फाटला. २५ ऑगस्टला राजाने लंडनला तहाचा निरोप धाडला, तेव्हा पार्लमेंटने उत्तर दिले की आधी निशाण उतरवा आणि एसेक्सला व त्याच्या साथीदारांना राजद्रोही ठरवणारे जाहीरनामे मागे घ्या, मग बोलू. निव्वळ देखाव्यासाठी कोणी अशी अट घालत नाही, आणि कायदा कोळून प्यालेल्या त्या मंडळींना जे उमगले होते ते आपल्यालाही उमगायला हवे होते.

शिवाय देखावा म्हणून तो अगदीच फसलेला होता. जमलेली माणसे थोडी. राजाने ऐन वेळी जाहीरनाम्यात स्वतःच्या हाताने इतक्या खाडाखोडी केल्या की तो वाचताना भालदार अडखळला. आणि त्या काळचा राजपक्षीय इतिहासकार क्लॅरेंडन याच्या म्हणण्याप्रमाणे त्याच रात्री वाऱ्याने निशाण आडवे झाले. निशाणाचा मानकरी सर एडमंड व्हर्नी याला तर राजाचा हा हट्ट मनातून पटलेलाच नव्हता. ज्याचे अन्न सुमारे ३० वर्षे खाल्ले त्याला सोडणे नीचपणाचे होईल, एवढ्याखातर तो थांबला आणि २३ ऑक्टोबरला एजहिलच्या लढाईत तेच निशाण राखताना मारला गेला. यात आपल्याला राजाचे कौतुक कोठे दिसले, हे आपणच जाणे.

निशाण उभारल्याचा दिवस क्लॅरेंडन २५ ऑगस्ट देतो, हे मी लेखात नोंदवायला हवे होते. आपला तेवढा आक्षेप मला मान्य आहे. आयर्लंडचे बंड आणि धर्माध्यक्षांचा वाद मी टाळल्याची तक्रार मात्र माझ्या लेखाला लागूच होत नाही, कारण तो एका संध्याकाळविषयी होता. त्या विषयांवर आपण स्वतंत्र लेख लिहावा. मी तो शेवटपर्यंत वाचून मगच प्रतिक्रिया देईन.