लाल होईपर्यंत तापवा म्हणे!

‘बोल्ट कितीही जाम असो, डब्ल्यूडी-४० मारा, पाच मिनिटं थांबा, बर्नरने लाल होईपर्यंत तापवा, वर गार पाणी ओता आणि डावीकडे फिरवा. नाहीच निघाला तर भोक पाडून इझी-आऊट ठोका. ट्रॅक्टर असो, पंप असो की दुनळीचा दस्ता, उपाय एकच.’

हा मजकूर गेल्या पावसाळ्यापासून फिरतोय आणि त्याने माझ्या, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याच्या, टेबलावरची कामं वाढवली आहेत. ट्रॅक्टरबद्दल माझी तक्रार नाही. नांगराचा नट उघड्यावर असतो, चारी बाजूंनी लोखंड असतं, तुटला तर दुसरा मिळतो. ‘दुनळीचा दस्ता’ या शब्दांवर मात्र बोलायला हवं. दुनळी म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, आणि दस्ता म्हणजे तिचा खांद्याला टेकवायचा लाकडी भाग. आमच्या कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बारा बोर बंदुका वाडीवाडीत आहेत. कुणाची तरी बंदूक माळ्यावरून पडते आणि दस्त्याची मान तडकते. मान म्हणजे चापामागे आपण मूठ धरतो तो बारीक भाग. चीर नीट भरायची तर लाकूड लोखंडापासून वेगळं करावं लागतं, आणि नेमका तिथला स्क्रू हलत नाही.

पहिला मुद्दा फवाऱ्याचा. डब्ल्यूडी-४० हे नावच सांगतं की ते कशासाठी आहे: ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’, चाळिसावा प्रयोग. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीने ते बनवलं, पाणी हटवून लोखंड गंजू नये म्हणून. ॲटलस क्षेपणास्त्राच्या बाह्य कवचावर ते वापरलं गेलं. त्यातला बराचसा भाग उडून जाणारा द्रावक, उरलेलं पातळ तेल. ते फटीत शिरतं हे खरं, पण गंज विरघळवत नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणूनच तो आट्यांत पाचरीसारखा बसतो. ती पाचर पाच मिनिटांत सैल होत नाही. जाम स्क्रूसाठीचं खास भेदक तेल घ्यावं, डोक्याभोवती एक थेंब सोडावा, रात्रभर ठेवावं, सकाळी पुन्हा एक थेंब. थेंब म्हणतोय, फवारा नाही.

कारण तेल लाकडात जातं. ह्या मजकुरातली सगळ्यात महागाची चूक मला हीच वाटते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. जुन्या दुनळीचा दस्ता उतरवला की लोखंडाला टेकणारं लाकूड बहुधा काळंकुट्ट आणि मऊ निघतं. नखाने दाबलं तर खूण उमटते. वर्षानुवर्षं कुणीतरी यंत्रात तेल ओतत राहिलं, बंदूक दस्त्यावर उभी ठेवली आणि ते तेल ओघळून मानेत मुरलं. असं लाकूड धक्का झेलत नाही, प्रत्येक बार उडाला की थोडं थोडं चेपतं आणि शेवटी चिरतं. म्हणजे जी चीर भरायला तुम्ही दस्ता काढताय, ती पुष्कळदा तेलानेच पाडलेली असते. त्यात आणखी अर्धा डबा फवारला की वर अरल्डाइटचा गोंदही धरत नाही. मग मला खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप लावावा लागतो. तो वाळताना तेल ओढून घेतो, झटकायचा, पुन्हा लावायचा. एका दस्त्याला आठ लेप लागले होते. (काम ॲसिटोनचं, म्हणून विडी लांब ठेवायची. शिवाय दस्त्यावरचं पॉलिशही त्याने निघतं.) बंदूक ठेवायचीच तर तेल दिल्यावर काही दिवस नळीचं तोंड खाली करून ठेवा.

आता ‘लाल होईपर्यंत’. पोलादाची एक मीटर लांबी एका अंशाला साधारण १२ मायक्रॉन वाढते. ८ मिलिमीटरचा बोल्ट १५० अंशांनी तापवला तर त्याचा व्यास जेमतेम १४ मायक्रॉनने वाढेल. ही वाढ केसाच्या जाडीहून कितीतरी कमी आहे, पण गंजाची पकड मोडायला ती पुरते. तापला की फुगतो, निवला की आकसतो, दोन-चार वेळा असं झालं की गंजाचा थर तडकतो. पोलाद लाल दिसायला त्याच्या चौपट उष्णता लागते. त्याच्या खूप आधी, अडीचशे-तीनशेच्या आसपास, लाकूड कोळसायला लागतं. शेजारच्या स्प्रिंगांचा ताव उतरतो. दुनळीच्या दोन नळ्या आणि त्यांमधली पट्टी बहुतेक वेळा कथलाच्या डाखाने जोडलेली असते, आणि कथील-शिशाचा डाख १८३ अंशांपासून वितळायला लागतो. दस्त्याच्या कामात नळ्या आधीच उतरवून बाजूला असायला हव्यात. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे हेही मग डोळ्यांनी दिसतं. पण बंदूक जशीच्या तशी धरून बर्नर लावलेला मी पाहिला आहे.

मला हवी तेवढी उष्णता शंभर वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने मिळते. टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवून दोन-तीन मिनिटं ठेवायचं. भोवती ओली चिंधी, लाकडासाठी.

गार पाणी ओतण्याचा सल्ला वाचून आमच्या गावातला लोहार हसला. लाल लोखंड पाण्यात बुडवणं म्हणजे काय हे कोयते बनवणाऱ्याला सांगायला नको. त्याला तो पाणी देणं म्हणतो. बोल्टात कार्बन पुरेसा असेल तर तुम्ही त्याला पाणीच देताय, म्हणजे तो आणखी कडक करताय. पुढे ‘भोक पाडा’ असं लिहिलंय, तर पाडा आता.

अडलेलं प्रत्येक वेळी गंजानेच अडलेलं असतं असंही नाही. आधीच्या कुणी लाल लॉकटाइट, म्हणजे आटे चिकटवून टाकणारा गोंद, लावलं असेल तर तेलाचा उपयोग शून्य. ते सोडवायला २५० अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि गरम असतानाच फिरवावं लागतं. अरल्डाइट त्याहून बरंच आधी मऊ पडतं. म्हणून स्क्रूच्या डोक्याभोवती आधी भिंगाने पाहावं. तांबूस पूड दिसते की चकचकीत थर, यावर पुढचं सगळं ठरतं.

‘डावीकडे फिरवा’ यावर फार बोलत नाही. बंदुकीत जवळजवळ सगळे आटे सरळच असतात. एवढंच की आधी किंचित उजवीकडे, म्हणजे आवळायच्या दिशेने, दाबून पाहावं. सूतभर हलला तरी गंज मोडला. मग डावीकडे.

आणि फिरवायचं कशाने? मजकुरात याचा उल्लेखच नाही, पण माझ्याकडे ‘जाम’ म्हणून येणाऱ्या स्क्रूंपैकी निम्मे जाम नसतातच. घरातल्या स्क्रू ड्रायव्हरचं पातं टोकाकडे निमुळतं असतं, पाचरीसारखं. खाचेत ते फक्त वरच्या दोन कडांवर टेकतं. जोर दिला की वर चढतं आणि खाचेचे ओठ फोडतं. मग माणूस म्हणतो, फिरत नाही. बंदुकीच्या स्क्रूला, विशेषतः जुन्या इंग्रजी दुनळीला, खाच फार अरुंद असते. पात्याच्या दोन्ही बाजू समांतर हव्यात, ते तळापर्यंत जायला हवं आणि रुंदीही डोक्याएवढी हवी. मी प्रत्येक बंदुकीसाठी ड्रायव्हर घासून घेतो, त्यात पाऊण तास जातो, आणि पुष्कळदा काम तिथेच संपतं. तरीही नाही निघाला तर पातं उभ्या ड्रिल मशीनच्या चकमध्ये पकडायचं, मशीनचा प्लग काढून ठेवायचा, हँडलने पातं खाचेत घट्ट दाबायचं आणि चक हाताने फिरवायचा. पातं वर चढायला जागाच राहत नाही.

बॉक्सलॉक दुनळीत (जिचं चापाचं यंत्र लोखंडी पेटीत बसवलेलं असतं) दस्ता धरणारा मुख्य स्क्रू बहुधा नळ्या उघडायच्या वरच्या खटक्याखाली दडलेला असतो, खटका बाजूला दाबून धरल्याशिवाय तो दिसत नाही. अनेकजण दिसणारे स्क्रू काढतात आणि मग लाकूड ओढत बसतात. पंप ॲक्शन (नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची बंदूक) किंवा एकनळीत वेगळी गोष्ट: दस्त्याच्या मागच्या रबरी गादीचे दोन स्क्रू काढले की आत खोल भोकात लांब बोल्ट. त्याला खाच असेल आणि लांब ड्रायव्हर सरकून बोल्ट आणि लाकूड यांच्या मधे घुसला, तर पिळताना धडधाकट दस्ता उभा चिरतो. आत टॉर्च मारून डोकं कसं आहे ते बघा. षटकोनी असेल तर लांब सॉकेट लावा.

राहिला इझी-आऊट, म्हणजे अडकलेल्या स्क्रूत भोक पाडून त्यात बसवायचा उलट्या आट्यांचा खुंटा. तो कडक पोलादाचा असतो, म्हणून ठिसूळ असतो. जो स्क्रू चांगल्या पात्याला दाद देत नाही, त्याच्या पोटातल्या बारीक भोकात बसून तो कसा फिरवेल? तुटतो. आणि तुटलेल्या इझी-आऊटला साधं ड्रिल लागत नाही, कार्बाइडचं लागतं नाहीतर स्पार्क इरोजन, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारं मशीन. त्यापेक्षा उलट्या दिशेने कापणारं ड्रिल, बरोब्बर मधोमध, हळू. कापता कापताच ते पुष्कळदा स्क्रू बाहेर काढून देतं.

आणि परवाना? ज्याची बंदूक त्याने घरी तेलपाणी करावं, पण शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूकदुरुस्तीच्या धंद्याला वेगळा परवाना लागतो. नाक्यावरच्या वेल्डरकडे नेऊ नका, त्याच्याकडे बर्नर आहे म्हणून तर मुळीच नको.

मागच्या महिन्यात आलेल्या दुनळीत मजकुरातल्या सगळ्या पायऱ्या पार पडल्या होत्या. मान जळून काळी, स्क्रूच्या पोटात तुटलेला इझी-आऊट. जुन्या इंग्रजी बंदुकांचे आटे बहुधा बाजारातल्या मापाचे नसतात, म्हणून नवा स्क्रू लेथवर कातावा लागला. डोकं मुद्दाम उंच ठेवलं, खाच न पाडताच तो आवळला आणि वर नळीच्या सरळ रेषेत ओरखडा काढला. मग बाहेर काढून त्या ओरखड्यावर खाच कापली. आता आवळला की खाच शेजारच्या स्क्रूंसारखी सरळ पुढे-मागे दिसते. लाकडावर अजून लेप चालू आहेत, सहावा आज लावला.