खुलासा: डायलिसिस लागलं म्हणजे माणूस संपला नाही

‘डायलिसिस लागलं की माणूस अंथरुणाला खिळतो, त्याला काम सांगू नका’ असा मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीकडे फिरतोय. तो चुकीचा आहे. डायलिसिस म्हणजे किडनी निकामी झाली की मशीननं रक्त साफ करणं, जादा पाणी काढणं: साधारण आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी सुमारे ४ तास. एरवी अनेकजण दुकान, नोकरी सांभाळतात. डायलिसिसनंतर गळाल्यासारखं होतं, कारण दोन दिवसांचं साचलेलं पाणी काही तासांत निघतं नि रक्तदाब उतरू शकतो. तो आळस नव्हे. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी ऑपरेशन करून धमनी नि शीर जोडलेल्या) हातावर मात्र जड ओझं, रक्तदाबाचा पट्टा, इंजेक्शन नको. भेटायला जाताना शहाळं नेऊ नका (आपल्याकडे हमखास नेतात!): त्यातलं पोटॅशियम रक्तात साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. कुंद्याचाही (बेळगावची दुधाची मिठाई) आग्रह नको; दुधातून फॉस्फरस वाढतो.