65 अंशांना मिथेनॉल निघून जात नाही

मामाचा फोन रात्री साडेनऊला आला. "बाय, तू केमिकलवाली ना? एक मेसेज पाठवलाय, तेवढा बघून सांग." तो मेसेज आठवडाभरात तिसऱ्यांदा माझ्यापर्यंत आला होता. आधी दोनदा न वाचताच सोडून दिला होता. या वेळी शब्दन् शब्द वाचला, कारण मामाच्या शेजारच्या मुलाने रंगकामातून उरलेल्या स्पिरिटचा पाच लिटरचा कॅन घरी आणून ठेवला होता आणि मेसेजमधल्या पद्धतीने ते पिण्यालायक करायचं घाटत होतं.

मेसेज थोडक्यात असा: थर्मामीटर लावून गाळा. 65 अंशांना मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, उकळून निघून जातं, ती पहिली धार फेकून द्या. 78 अंशांना फक्त अल्कोहोल येतं. पाणी 100 अंशांना उकळतं म्हणून ते भांड्यातच राहतं. तीनदा गाळलं की शंभर टक्के शुद्ध. खात्री करायची तर पेटवून बघा, निळी ज्योत म्हणजे चांगली.

मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत अकरा वर्षं शिफ्ट करते आहे. हे वाचून अंगावर काटा आला.

सगळ्या घोळाचं मूळ एकच आहे. मिश्रणातले द्रव आपापल्या नंबराची वाट बघत रांगेत उभे राहत नाहीत. मिश्रण उकळतं ते सगळं मिळून, आणि वाफेतही सगळेच असतात, फक्त प्रमाण बदलतं. पेरीचं हँडबुक म्हणजे केमिकल इंजिनिअरिंगचं संदर्भपुस्तक. त्यात इथेनॉल (पिण्याचं अल्कोहोल) आणि पाण्याचा तक्ता आहे, केमिकलच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो घोकलेला असतो. त्यातली एकच ओळ घ्या: द्रवात इथेनॉल 7.21 मोल टक्के (रेणूंच्या संख्येने), म्हणजे वजनाने साधारण साडेसोळा टक्के. हे उकळतं 89 अंशांना. वाफेत इथेनॉल 38.91 मोल टक्के, वजनाने 62. उरलेलं 38 टक्के पाणी. पहिल्याच थेंबात! 78 अंश दिसण्याचा प्रश्नच नाही, आणि पाणीही भांड्यात थांबत नाही. मेसेजमधली दोन वाक्यं या एका ओळीत निकालात निघतात.

आता मिथेनॉल. जीव जातो तो इथेच, म्हणून आकडे मांडून सांगते. समजा त्या कॅनमधल्या 5 लिटरमध्ये 10 टक्के मिथेनॉल आहे, म्हणजे 500 मिली, आणि बाकी सगळं इथेनॉल. मेसेजवाल्याच्या सोयीसाठी पाणी शून्य धरते. मिथेनॉल इथेनॉलपेक्षा वाफेत जास्त जातं हे खरं, पण किती? साधारण 1.7 पट. रॅले या शास्त्रज्ञाने 1902 साली गाळण्यासाठी दिलेल्या समीकरणात हे घालून बघा. पहिला अर्धा लिटर फेकला तरी भांड्यात 420 मिलीच्या आसपास मिथेनॉल उरतं. प्रमाण 10 टक्क्यांवरून 9.4 वर आलं, बस! बरं, निम्मा माल ओतून दिला, अडीच लिटर. तरी उरलेल्यात साडेसहा टक्के. आणि 10 मिलीएवढ्या शुद्ध मिथेनॉलनेही माणसाची नजर जाऊ शकते.

पाणी भरपूर असेल तर गणित आणखी फिरतं. पाण्यात इथेनॉलच मिथेनॉलपेक्षा जास्त उडू बघतं, त्यामुळे पहिली धार फेकताना इथेनॉल जातं आणि मिथेनॉल मागे राहतं. म्हणूनच आमच्याकडे एका कॉलममध्ये, म्हणजे गाळण्याच्या उंच मनोऱ्यात, मुद्दाम पाणी घालून बाकीची घाण वरून काढतात आणि मिथेनॉलसाठी पुढे वेगळा कॉलम लागतो. त्यात ट्रेवर ट्रे, प्रत्येक ट्रेवर वाफ आणि द्रव पुन्हा एकदा वेगळे होतात, वर थंड झालेला बहुतेक माल रिफ्लक्स म्हणून परत खाली. एवढं करूनही लॅबमध्ये जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) आकडा बघितल्याशिवाय टँकर भरत नाही. एक भांडं आणि एक नळी म्हणजे जेमतेम एक ट्रे.

शिवाय रंगकामाच्या स्पिरिटमध्ये कुणी पिऊ नये म्हणून मुद्दामच विषारी आणि कडू द्रव्यं घातलेली असतात. मिथेनॉल त्यातलं फक्त एक.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. पहिली धार फेकण्याची रीत जुनी आहे आणि ती अगदीच बिनबुडाची नाही. अ‍ॅसिटाल्डिहाइड, इथाइल अ‍ॅसिटेट अशी उग्र वासाची द्रव्यं खरंच सुरुवातीला येतात, ती गेली की चव सुधारते. पण ती रीत आंबवलेल्या रसासाठी होती. गुळाच्या रसात मिथेनॉल जवळजवळ नसतंच, फळांच्या पेक्टिनमधून थोडंसं येतं. 2015 साली मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती भट्टीवाल्याने पहिली धार फेकली नाही म्हणून नव्हे. दारूत कारखान्यातलं मिथेनॉल मिसळलं होतं म्हणून गेली.

शंभर टक्क्यांचं सांगायचं तर तीनदा काय, तीसदा गाळा. इथेनॉल वजनाने 95.6 टक्के झालं की, 78.15 अंशांवर, द्रव आणि वाफ एकसारखेच होतात आणि पुढे सरकतच नाही. इंधनाचं इथेनॉल करायला आम्ही त्यानंतर मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे पाणी शोषून घेणारे दाणे, वापरतो. आणि निळी ज्योत? मिथेनॉलही निळंच जळतं, उन्हात तर दिसतही नाही.

मामाने विचारलं, "पण कुणी आधीच घेतली असेल तर?" मिथेनॉलचा त्रास बारा-चोवीस तासांनीही सुरू होतो, कारण विष ते स्वतः नसतं, शरीरात त्याचं फॉर्मिक अ‍ॅसिड होतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर जातं. तेव्हा "काल घेतली, आज ठणठणीत आहे" यावर विसंबू नका. डोळ्यांपुढे धुकं, पोटात कळा, धाप, काहीही झालं तरी थेट मोठ्या हॉस्पिटलात जा आणि काय प्यायलं ते न लाजता सांगा. उतारा आहे, डायलिसिस आहे, पण वेळेत पोचलं तर.

फोन ठेवून मामा तसाच शेजारी गेला. कॅन सकाळी रंगाऱ्याकडे परत गेला.