बाई शेतात ‘मदत’ करते म्हणे!

आमच्या भावकीच्या ग्रुपवर परवा तोच मेसेज परत फिरत आला. "शेती गड्याची, बाईनं घर सांभाळून मदत करायची, ही पूर्वजांची रीत. बाईची जात नाजूक. सातबाऱ्यावर बायका आल्या की जमिनीचे तुकडे झालेच." वर ट्रॅक्टरचा फोटो, खाली गुलाब. एरवी असलं मी उघडत पण नाही, पण काकूनं सातबाऱ्याला आपलं नाव लावायचा विषय काढून आठवडा झाला नव्हता तोवर काकांनी हे टाकलं, आणि कहर म्हणजे त्यावर पहिला हात जोडल्याचा इमोजी काकूचाच. म्हणून लिहायला बसलेय.

मदत म्हणजे काय ते आधी बघू. काकू पहाटे साडेचारला गोठ्यात. शेणघाण, दोन म्हशींच्या धारा, डेअरीला दूध, भाकऱ्या, डबे, मग उसात भांगलायला, म्हणजे तण काढायला, येताना डोक्यावर वैरणीचा भारा, संध्याकाळी परत धारा. दहा दिवसांचं दुधाचं बिल निघतं काकांच्या नावावर. काका पाणी पाजतात, खत आणतात, तोडीसाठी कारखान्याच्या गट ऑफिसला चकरा मारतात, बसून नसतात, मान्य. पण मग ते शेतकरी आणि ही मदतनीस, हे कुठलं माप? केंद्र सरकारनं 2024 ला लोकांचे दिवसाचे तास मोजले, त्यात बिनपगारी घरकामाला बाईची सरासरी 289 मिनिटं आणि गड्याची 88. ती पण जे गडी घरकाम करतात त्यांचीच, हात न लावणारे त्यात धरलेलेच नाहीत. भांगलण नि धारा याच्या वर वेगळ्या!

पूर्वजांची रीत म्हणाल तर नांगर गड्यानंच धरायचा हे खरं आहे, आणि रात्री लाईट आली की साप-विंचवात पिकाला पाण्याची दारं धरायला गडीच जातो, तेही खरं. पण राधानगरी-गगनबावड्याकडं चिखलात वाकून भाताचं रोप कोण लावत आलंय? आणि पट्टणकोडोलीला धनगरांच्या बिरदेवाच्या यात्रेत भंडारा उधळायला जाताय न, तिथं एखाद्या मेंढक्याच्या बायकोला विचारा, घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, कोकरं सांभाळायची, नव्या रानात मेंढरांचा वाडा मांडून चूल पेटवायची, हे कोण करतं.

नाजूक. हा शब्द वाचून तर डोकंच फिरलं. आपल्याच उसात बीडकडची ऊसतोड टोळी येते, त्यात नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि मोळी डोक्यावर घेऊन शिडीनं ट्रॉलीत चढते. माणसं दोन, हिशोबात कोयता एक, आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, बहुतेक नवऱ्याच्या हातात. 2019 ला बीड जिल्ह्यात सरकारी समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा झाला की दंड, म्हणून पिशवीच काढून टाकायची. या बायकांवर गुलाब टाकून ‘नाजूक’ लिहिताना बोटं कशी चालतात?

राहिले तुकडे. आजोबांची जमीन तीन भावांत वाटली, बांध कोरण्यावरनं दोघं अजून बोलत नाहीत, त्यात बाई एक तरी होती का? नावं वाढली की विकताना सह्या वाढतात, एवढं खरं, बहुतेक पोटात दुखतंय ते तिथंच. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हक्क महाराष्ट्रानं 1994 सालीच दिला, दिल्लीला 2005 उजाडलं. बायकोसाठी त्याच्याही आधीपासून, 1992 पासून, लक्ष्मी मुक्ती योजना आहे, नवऱ्यानं अर्ज द्यायचा, तिचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं, जमीन जिथल्या तिथं राहते. नाव नसलं की काय होतं ते 2019 च्या पुरात बघितलंय की, कुजलेल्या उसातनं चिखल उपसला दोघांनी, भरपाई आली खातेदाराला. पीएम किसानचं पण तेच.

काकूनं इमोजी अजून काढलेला नाही. काल फोनवर म्हशीच्या सुजलेल्या कासेचं सांगता सांगता मधेच हळू आवाजात म्हणाली, "तलाठी आपल्या गावात कुठल्या वारी असतो गं?"