रेशन फुकट असेल, उपकार नाही

आत्याच्या कार्डावर चार माणसं. महिन्याला 20 किलो धान्य. पावतीवर 20 येतं, पिशवीत 16 भरतं. दुकानदाराला विचार म्हटलं तर म्हणाली, "फुकटचं आहे रे, कुठं भांडत बसायचं? तो मेसेज नाही का वाचलास?"

वाचला ना. भावकीच्या ग्रुपवर तीनदा आलाय. राज्यघटना म्हणे सरकारवर नागरिकांना काही देण्याचं बंधन घालतच नाही, कलम 37 मध्ये तसं लिहिलंय. रेशन, शाळा, शाळेतला भात ही सगळी करदात्यांच्या पैशातून वाटलेली खैरात. आणि घटनेत आधी कर्तव्यं, मग हक्क. कर्तव्य चुकलं की हक्क गेला.

शेवटचा मुद्दा आधी उरकतो, कारण त्यात दम नाही. मूलभूत हक्क घटनेत पहिल्या दिवसापासून, 26 जानेवारी 1950 पासून आहेत. मूलभूत कर्तव्यांचं कलम 51-क आलं 1976 साली, 42 व्या दुरुस्तीने. म्हणजे 26 वर्षं नुसते हक्कच होते. कर्तव्य चुकलं तर हक्क जाईल असं त्या कलमात एक अक्षर नाही. आणि कर भरणं? कर्तव्यांची शिफारस करणाऱ्या स्वर्णसिंग समितीने ते सुचवलं होतं, यादीत घेतलं गेलं नाही. तसाही आत्या साबण घेते तेव्हा जीएसटी भरतेच.

आता कलम 37. इथे मेसेजवाल्याचं निम्मं बरोबर आहे, हे कबूल करावं लागतं. मार्गदर्शक तत्त्वं, म्हणजे राज्याने कोणती धोरणं राबवावीत हे सांगणारी घटनेतली कलमं, घेऊन थेट कोर्टात जाता येत नाही. कलम 47 म्हणतं की लोकांचं पोषण सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य. तेवढ्यावर आत्याला चार किलोचा दावा लावता येणार नाही. पण 37 चं वाक्य तिथे संपत नाही. पुढे "पण" आहे: ही तत्त्वं देशाच्या कारभारात मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य आहे. मेसेज लिहिणाऱ्याने नेमक्या त्या "पण"पाशी कात्री चालवली. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत हेच समजावलं होतं. ही तत्त्वं मोडली म्हणून सत्ताधाऱ्याला कोर्टात जाब द्यावा लागणार नाही कदाचित, पण मतदारांपुढे द्यावाच लागेल.

आणि एकदा कायदा झाला की गोष्ट कोर्टात जातेच. रेशन तर कायद्याच्याही आधी कोर्टात गेलं. 2001 मध्ये राजस्थानात दुष्काळ होता, सरकारी गोदामं धान्याने भरलेली होती आणि लोक उपाशी होते. पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना सुप्रीम कोर्टात गेली, कलम 21 चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा आधार घेऊन. 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशाने धान्याच्या योजना लोकांचा हक्क ठरल्या आणि सरकारी शाळांत शिजवलेलं जेवण द्या असं राज्यांना बजावलं गेलं. (शाळेतून महिन्याला तीन किलो तांदळाची पिशवी घरी नेलेली पिढी अजून आहे, तो भात त्यानंतरचा.) पुढे 2013 चा अन्नसुरक्षा कायदा आला. प्राधान्य कुटुंबात माणशी पाच किलो, अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबांना, कार्डामागे 35 किलो. या कायद्याचं कलम 8 तर प्रत्येक रेशन दुकानाच्या दारावर रंगवायला हवं: ठरलेलं धान्य मिळालं नाही तर राज्य सरकारने त्याबदल्यात पैशात भत्ता द्यायचा. खैरात चुकली म्हणून भरपाई देणारा दाता कुणी पाहिलाय का? भरपाई देण्याची पाळी येते ती देणेकऱ्यावर.

उद्या संसद हा कायदा बदलू शकते, हेही खरं. पण बदलेपर्यंत दुकानदाराला चार किलो मारायची मुभा नाही.

शाळेचं थोडक्यात. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं मोफत शिक्षण 21-क या कलमाने मूलभूत हक्क आहे; ते कलम 2002 च्या दुरुस्तीने आलं, लागू झालं 2010 पासून. फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्याच महाराष्ट्र सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळांना गरीब, वंचित मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांतून सूट देऊन टाकली. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. खैरात असती तर कोर्टाला मध्ये पडायचं कारणच काय होतं?

आत्या, हे मी ग्रुपवरही टाकलंय, काकांना राग येईल तर येऊ दे. तू पावती टाकून देऊ नकोस. अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याकडे अर्ज करू. पुढचं धान्य येईल तेव्हा मी येतो, शेजारच्या किराणावाल्याचा काटा मागून ठेव.